एडिटर कुठला घ्यायचा?



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. यंदा गणपतीत घर भरलेलं होतं, त्यामुळे कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आलाच नाही. पण त्या गर्दीतच आजचा विषय मिळाला, तेव्हा तक्रार नाही.

तर झालं असं. दुपारची जेवणं उरकून मोठी मंडळी लवंडली होती आणि माझा नातू आणि पुतणीची मुलगी माजघरात लॅपटॉप उघडून बसली होती. दोघंही इंजिनिअरिंगला. सुट्टीत दोघांनी मिळून असेंब्ली भाषेत एक छोटासा खेळ लिहायचा असं ठरलेलं. नातवाकडे लिनक्स, नातीकडे विंडोज. थोड्या वेळाने आवाज चढले. नातीने तिच्या मशीनवर लिहून पाठवलेली एक फाइल नातवाकडे चालेचना. फाइल समोर दिसते आहे, आणि मशीन म्हणतं की असं काही अस्तित्वातच नाही. शेवटी त्याने कसल्याशा एडिटरमध्ये ती उघडली, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपी घातलेला एक 'एम' बसलेला. मग "तुझा एडिटरच टाकाऊ" इथपासून "तुझी आख्खी सिस्टीमच विचित्र" इथपर्यंत मजल गेली. मी मध्ये पडलो, तर दोघं एकदम म्हणाली, "आजोबा, तुम्हीच सांगा आता, एडिटर कुठला घ्यायचा?"

आता मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. एडिटर म्हणजे अग्रलेख लिहिणारे गृहस्थ, एवढीच माझी वर्षानुवर्षांची समजूत. पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे "हे असं का?" यापेक्षा "हे असं केव्हापासून?" हा प्रश्न मला आधी पडतो. गेले दोन महिने त्याच नादात आहे. जे कळलं ते लिहितो. ज्यांना कॉम्प्युटरचं वावडं आहे त्यांनी निदान शेवटचे चार परिच्छेद वाचावेत, तिथे तुमच्याकडे एक काम आहे.

आधी असेंब्ली म्हणजे काय ते सांगतो. मशीनला फक्त आकडे कळतात. अमुक आकडा म्हणजे बेरीज कर, तमुक म्हणजे हे उचलून तिकडे ठेव. हे आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांना लहान लहान नावं दिली. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात कॅथलीन बूथ या बाईंनी १९४७ मध्येच अशा सांकेतिक लिखाणाचा पाया घातला (या बाई शंभर वर्षं जगून २०२२ मध्ये वारल्या). केंब्रिजला एड्सॅक नावाचं मशीन ६ मे १९४९ ला पहिल्यांदा चाललं, त्यात बेरजेला नुसतं ए हे अक्षर, वजाबाकीला एस. ही अक्षरं मशीनसाठी आकड्यांत उलगडून देणारा प्रोग्राम डेव्हिड व्हीलर या पोराने लिहिला होता, तोही अवघ्या एकतीस आज्ञांत.

पण लिहायचं कशावर? तेव्हा एडिटर नव्हताच. कागदी पट्टीला भोकं पाडायची किंवा कार्डाला भोकं पाडायची. एका कार्डावर ऐंशी खाने, म्हणजे एक ओळ. चूक झाली की ते कार्ड फेकायचं आणि नवं भोसकायचं. कार्डांचा गठ्ठा हातातून सटकला तर क्रम पुन्हा लावता यावा म्हणून शेवटच्या आठ खान्यांत ओळीचा नंबर घालत. (परीक्षेच्या पुरवण्या सुटून वाऱ्यावर गेल्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे अशा शिक्षकांना हे लगेच पटेल.)

अमेरिकेत एमआयटीमध्ये पीडीपी-१ नावाचं मशीन होतं. तिथे १९६२-६३ च्या सुमाराला डॅन मर्फी या विद्यार्थ्याने टेको नावाचा प्रोग्राम लिहिला. पट्टी दुरुस्त करणारा, असा त्या नावाचा अर्थ. कारण मशीनचा वेळ सोन्याच्या भावाचा! त्याच्यासमोर बसून विचार करत टाइप करणं परवडत नसे. तेव्हा घरी बसून चुका शोधायच्या, दुरुस्त्यांची वेगळी पट्टी करायची आणि मशीनला सांगायचं की ही जुनी, ही दुरुस्तीची, आता नवी काढून दे. टेकोच्या आज्ञा इतक्या त्रोटक की त्यात स्वतःचं नाव टाइप करायचं आणि मजकुराचं काय वाटोळं होतं ते बघायचं, असा एक खेळच लोकांनी काढला होता. याच टेकोवर पुढे एमआयटीच्या मंडळींनी इतके जोडकाम केले की १९७६ मध्ये त्यातून ईमॅक्स नावाचा निराळाच एडिटर उभा राहिला. रिचर्ड स्टॉलमन यांचा त्यात मोठा हात. त्यांचा १९८५ चा अवतार आजही लोक वापरतात.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. १९६९ सालचा उन्हाळा. न्यू जर्सीतली बेल लॅब्ज. केन थॉम्प्सन, वय सव्वीस. त्यांच्या कंपनीने एका मोठ्या कॉम्प्युटर प्रकल्पातून नुकतंच अंग काढून घेतलेलं, त्यामुळे हात रिकामे आणि मनात खदखद. कोपऱ्यात पडून असलेलं एक जुनं पीडीपी-७ मशीन त्याच्या हाती लागलं. त्यासाठी तो लिहायचा ते दुसऱ्याच एका मोठ्या मशीनवर, तिथे कागदी पट्टी काढायची आणि हातात धरून पीडीपी-७ पर्यंत चालत न्यायची. दोन मशीनं, दोन व्यवस्था आणि मध्ये चालणारा माणूस. आमच्या माजघरातल्या भांडणाचं मूळ बघा किती जुनं आहे.

हा चालत जाण्याचा त्रास संपवायचा तर पीडीपी-७ वरच लिहिता आलं पाहिजे. म्हणजे एक एडिटर हवा आणि लिहिलेल्याचे आकडे करून देणारा असेंबलर हवा. थॉम्प्सनची बायको वर्षाच्या आतबाहेरच्या मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला गेली, आजी-आजोबांनी नातू पाहिला नव्हता म्हणून. २०१९ मध्ये ब्रायन कर्निगन यांनी घेतलेल्या मुलाखतीत थॉम्प्सनने हिशेब सांगितला आहे: एक आठवडा एडिटर, एक आठवडा असेंबलर, एक आठवडा सिस्टीमचा गाभा. बायको परत येईपर्यंत युनिक्स तयार! आज तुमच्या खिशातल्या फोनपासून मोठमोठ्या सर्व्हरपर्यंत ज्या व्यवस्थेची लेकरं-नातवंडं नांदतात तिचा जन्म हा असा, आणि तोही सगळा असेंब्लीत. युनिक्सचा गाभा सी भाषेत लिहिला गेला तो १९७३ मध्ये.

बायको माहेरी गेली की आम्ही पिठलंभात करून दिवस काढायचो. असो.

त्या एडिटरचं नाव ईडी. त्याला पडदाच नाही. टेलिटाइप नावाचं खडखडणारं यंत्र, सेकंदाला दहा अक्षरं कागदावर उमटवणारं. म्हणून ईडी बोलतही नाही. चूक झाली की नुसतं प्रश्नचिन्ह छापतो. काय चुकलं ते तुमचं तुम्ही शोधा. माझे एक गणिताचे मास्तर असेच होते, पाटीवर नुसती फुली मारून पुढे जायचे.

आणि त्या टोपीवाल्या 'एम'चा उगमही या टेलिटाइपातच आहे. टाइपरायटर ज्यांनी वापरला आहे त्यांना आठवेल, ओळ संपली की दोन कामं असतात. गाडा डावीकडे सरकवायचा आणि कागद एक ओळ वर घ्यायचा. टेलिटाइपातही ही दोन कामं, दोन वेगळ्या खुणा. शिवाय गाडा परत यायला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागायचा, त्यामुळे दोन खुणा पाठवण्यात तेवढी उसंतही मिळे. युनिक्सवाल्यांनी ठरवलं की फाइलीत कशाला दोन? एकच खूण ठेवू, कागद वर घेण्याची. दुसऱ्या घराण्यात, म्हणजे सीपी/एम आणि तिथून डॉस आणि पुढे विंडोज, दोन्ही खुणा राहिल्या. जुन्या मॅकिंटॉशने तिसराच मार्ग धरला, एकच खूण पण गाडा सरकवण्याची. २००१ च्या मॅक ओएस टेनपासून तेही युनिक्सच्या पंगतीला येऊन बसले. टोपीवाला 'एम' म्हणजे ती गाडा सरकवण्याची खूण. गाडा केव्हाच भंगारात गेला, खूण मात्र मागे राहिली. नातवाच्या मशीनला ती खूण फाइलीतल्या पहिल्याच ओळीला चिकटलेली दिसली, त्याने ती प्रोग्रामच्या नावाचाच भाग समजली आणि तसल्या नावाचा प्रोग्राम नाही असं सांगितलं. त्याच्या परीने बरोबरच होतं. नातीचंही चुकलं नव्हतं. विंडोजबरोबर येणाऱ्या साध्या नोटपॅडला युनिक्सच्या ओळी नीट दाखवता येऊ लागल्या त्याच मुळी २०१८ मध्ये. त्याआधी सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत दिसायचा.

अशीच आणखी एक गंमत. प्रोग्राम बांधायला मेक नावाचं एक साधन वापरतात, स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये केलेलं. त्यात काही ओळींच्या सुरुवातीला टॅबची कळच दाबावी लागते. आठ वेळा स्पेस दिलीत तर डोळ्यांना फरक दिसत नाही पण मेक रुसतं. फेल्डमनना ही चूक लवकरच लक्षात आली होती. पण तोवर दहा-बाराजण ते वापरू लागले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून तसंच ठेवलं! दहा-बाराजणांची सोय पाहिली आणि पन्नास वर्षं सगळं जग टॅब मारतं आहे. आपल्याकडे कित्येक घरांतल्या प्रथा अशाच पडलेल्या असाव्यात अशी मला दाट शंका आहे.

पडद्यावरचा एडिटर पुढे बर्कलेच्या बिल जॉय या विद्यार्थ्याने १९७६ च्या सुमारास लिहायला घेतला. त्याचं नाव व्हीआय. घरातल्या फोनवरून जोडणी, सेकंदाला साधारण तीस अक्षरं. पडदा रंगेपर्यंत माणसाचा विचार पुढे पळायचा, म्हणून कमीत कमी कळांत जास्तीत जास्त काम, अशी सगळी रचना. त्यात इकडेतिकडे सरकायला एच, जे, के, एल या कळा आहेत. का? तर त्याच्यासमोरच्या एडीएम-३ए या टर्मिनलच्या त्याच चार कळांवर बाण छापलेले होते! नातू ज्या कळा इतक्या अभिमानाने वापरतो त्यामागे एवढंच कारण.

नातवाचा लाडका एडिटर म्हणजे व्हीआयचा वारसदार, व्हिम. त्याची गोष्ट मात्र मी दोघांना जवळ बसवून सांगितली. ब्रॅम मूलेनार हा हॉलंडचा माणूस. त्याच्याकडे अमिगा नावाचं मशीन होतं आणि त्यावर व्हीआय नव्हता. म्हणून त्याने दुसऱ्याचा एक नकलेचा प्रोग्राम घेऊन तो सुधारायला सुरुवात केली, १९९१ मध्ये लोकांना दिला. मग तो युनिक्सवर गेला, डॉसवर, विंडोजवर, मॅकवर, सगळीकडे. अमिगा संपलं, एडिटर उरला. १९९४ मध्ये मूलेनार युगांडातल्या किबाले इथे काम करायला गेले, तिथली एड्सने पोरकी झालेली मुलं पाहिली, आणि तेव्हापासून एडिटर फुकट देऊन एवढंच म्हणत राहिले की वाटलं तर त्या मुलांसाठी काही द्या. व्हिम उघडला की पडद्यावर आजही ती विनंती दिसते. नातू रोज ती बघत होता, पण वाचली नव्हती. मूलेनार ३ ऑगस्ट २०२३ ला वारले, वय बासष्ट.

नातीचा एडिटर व्हीएस कोड, २०१५ चा, मायक्रोसॉफ्टचा. तिन्ही सिस्टीमवर चालतो. दिसायला देखणा आहे आणि चुकलं की मेलेल्या ईडीसारखं नुसतं प्रश्नचिन्ह दाखवत नाही. ती म्हणाली, "आजोबा, मग हाच घेऊ या की." मी म्हटलं, घे की. पण असाच देखणा ॲटम नावाचा एडिटर २०१४ मध्ये आला होता आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या मालकांनी तो बंदही केला. आठ वर्षं.

खरी अडचण एडिटरच्याही पलीकडे आहे, हे मला नातवाने दाखवलं. असेंब्ली ही एक भाषा नाहीच, बोलीभाषा आहेत. इंटेलच्या पद्धतीत आधी 'कुठे' आणि मग 'काय'. युनिक्सकडून आलेल्या पद्धतीत आधी 'काय' आणि मग 'कुठे'. मराठीत "भांड्यात दूध ओत" म्हणा नाहीतर "दूध भांड्यात ओत" म्हणा, दूध भांड्यातच पडतं, कारण आपल्याकडे विभक्ती आहे. असेंब्लीला विभक्ती नाही. क्रम उलटला की भांडं दुधात. आणि दोन्ही बोलींच्या फाइली बाहेरून सारख्याच दिसतात, त्यामुळे एडिटर रंग भरतो तेही कधी कधी चुकीचे. नॅझम नावाचा एक असेंबलर आहे, १९९६ मध्ये सायमन टेटम आणि ज्युलियन हॉल यांनी केलेला. तो विंडोजसाठीही आकडे करून देतो आणि लिनक्ससाठीही, बोली एकच. तो घ्यावा यावर दोघांचं एकमत झालं. तरीही खेळातला 'पडद्यावर अक्षर दाखव' एवढा भाग प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळा लिहावा लागतोच. तसंच नव्या ॲपलच्या मशीनवर, २०२० नंतरच्या, चिपच निराळी. तिथे ही बोली कळतच नाही.

एवढं सगळं मी का उकरत बसलो?

माणसाने चंद्रावर जाताना वापरलेला प्रोग्राम असेंब्लीत होता. अपोलो ११ च्या यानातला. मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीत लिहिलेला. तो आज कुणालाही वाचता येतो, पण कुठल्या एडिटरमुळे नाही. छापील कागदांची जाडजूड बाडं शिल्लक होती, त्यांची चित्रं घेऊन हौशी लोकांनी एकेक ओळ पुन्हा टाइप केली. २००३ पासून रॉन बर्की या गृहस्थांनी हे काम आरंभलं. आता तो साध्या मजकुराच्या फाइलींत आहे, आणि नातवाच्या व्हिममध्येही उघडतो, नातीच्या व्हीएस कोडमध्येही.

आणि आता माझं दुखणं. आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका मी संपादित केली होती, हे नातेवाईकांना ठाऊक आहे. तिच्यासाठी मी सहा जुन्या शिक्षकांकडे आणि एका शिपाईमामांकडे जाऊन त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. सातांपैकी आज एकही नाही. तो सगळा मजकूर तेव्हाच्या एका मराठी फाँटमध्ये टाइप करून फ्लॉपीवर आणि नंतर सीडीवर जपून ठेवला होता. मला वाटायचं, छापील प्रती वाळवी खाईल, सीडी राहील. मागच्या वर्षी उघडली. सगळी फाइल सुखरूप, आणि एक शब्द वाचता येत नाही. त्या फाँटात 'क'च्या जागी इंग्रजी अक्षराचाच आकडा होता, फक्त त्या आकड्याला चेहरा 'क'चा चढवलेला. फाँट गेला, चेहरे गेले, उरलं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं.

युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे आकडे १९९१ पासूनच होते, मला ते कळेपर्यंत उशीर झाला. आणि ते आकडे फाइलीत कसे साठवायचे याची आज जगभर चालणारी रीत, यूटीएफ-८, कुणी ठरवली असेल? २ सप्टेंबर १९९२ च्या संध्याकाळी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर, रॉब पाइक शेजारी बसलेला असताना, त्याच केन थॉम्प्सनने! प्रत्येक देवनागरी खुणेला तीन बाइट. 'मराठी' या शब्दाला पंधरा. हे जे तुम्ही वाचता आहात ते त्याच रीतीने साठवलेलं आहे.

दोघं मुलं आपापल्या घरी गेली. नातवाने व्हिम ठेवला, नातीने व्हीएस कोड. फाइलीत ओळ संपताना एकच खूण ठेवायची, असा तह झाला आहे. सापाचा खेळ आता दोन्हीकडे चालतो म्हणे. नातवाने माझ्या सीडीवरची अक्षरं परत फिरवण्याचा प्रोग्राम करून पाहिला. निम्मी जोडाक्षरं चुकीची येतात आणि कुठली चूक हे मला तरी कसं कळावं? म्हणून मी छापील स्मरणिका शेजारी ठेवून नोटपॅडमध्ये रोज एक पान टाइप करतो आहे. काल शिपाईमामांची आठवण पूर्ण झाली, एकोणीसशे बासष्टच्या वादळात शाळेची कौलं उडाली ती.

माझ्या प्रतीतलं पान २३-२४ फाटलेलं आहे. त्यावर आमच्या संस्कृतच्या बाईंच्या आठवणीचा शेवट होता. ज्यांच्याकडे स्मरणिका असेल त्यांनी माळ्यावर एकदा बघा आणि फोन करा. पान पाठवू नका, हरवेल. फोटो काढून पाठवा.